लाल कार्डाची वार्ता : कार्यालयप्रमुख आणि खालून वर येणारी माहिती

ग्रामीण महाराष्ट्रात पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा, म्हणजे पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, केले जाते. विहीर, हातपंप, साठवण टाकी व जलवाहिनी यांची पाहणी होते. स्रोताभोवतीची अस्वच्छता, वाहिनीची गळती, ब्लीचिंग पावडरचा साठा आणि पाणी शुद्धीकरणाची नियमितता या बाबी तपासल्या जातात व त्यानुसार ग्रामपंचायतीस लाल, पिवळे अथवा हिरवे कार्ड देण्यात येते. लाल कार्ड म्हणजे तीव्र जोखीम. या गावी पाण्यावाटे साथ उद्भवू शकते, एवढेच ते कार्ड सांगत असते. वस्तुतः ती गावाची बेअब्रू नव्हे. वेळेवर मिळालेली सूचना होय.

आता एक प्रसंग कल्पावा. पंचायत समितीच्या सभागृहात मासिक आढावा बैठक भरली आहे. तालुक्यातील नऊ ग्रामपंचायतींना लाल कार्ड मिळाल्याचे वाचून दाखविण्यात येते. अध्यक्षस्थानी असलेले अधिकारी त्या नऊ गावांच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना उभे करतात, सर्वांदेखत खरमरीत शब्दांत समज देतात आणि पुढील सर्वेक्षणात एकही लाल कार्ड दिसता कामा नये, असे बजावतात. कोणी काही बोलत नाही. बैठक पुढच्या विषयाकडे वळते. सहा महिन्यांनी अहवाल येतो, तेव्हा त्यात खरोखरच एकही लाल कार्ड नसते. नऊपैकी एका गावी जलवाहिनीचा व्हॉल्व्ह गटाराच्या कडेस आहे. तो पूर्वी गळत होता, तसाच आजही गळतो आहे. बदलला आहे तो फक्त कार्डाचा रंग.

या प्रसंगातील अधिकाऱ्यांचा हेतू वाईट होता, असे कोणी म्हणणार नाही. त्यांना गावोगावी शुद्ध पाणी हवे होते. परंतु त्या दिवशी सभागृहात बसलेल्या साठ-सत्तर माणसांनी त्यांच्या बोलण्यातून वेगळाच अर्थ घेतला. वाईट बातमी जो आणतो, तो उभा केला जातो, हा तो अर्थ. असा अर्थ एकदा रूढ झाला, की परिपत्रके काढून तो पुसता येत नाही. कार्यालयप्रमुखाच्या संवादाच्या सवयींचा विचार करताना वक्तृत्व, पत्रलेखन, सभाशास्त्र इत्यादी गोष्टींपासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. तथापि खरा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. आपल्या हाताखालचा मनुष्य आपल्याजवळ येऊन खरे सांगू शकतो काय?

वार्ता झिजते कशी

महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ अन्वये १ मे १९६२ पासून राज्यात त्रिस्तरीय पंचायत राज्याची उभारणी झाली. कामाचे विकेंद्रीकरण झाले, त्याबरोबरच माहितीच्या वाटेवरील पायऱ्याही निश्चित झाल्या. गावात पाणी सोडणारा कर्मचारी, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), विस्तार अधिकारी, गटविकास अधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी अशी ती साखळी आहे. शाळेच्या बाबतीत शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि शिक्षण विस्तार अधिकारी अशी दुसरी साखळी चालते.

या पायऱ्यांवरून वरचा शब्द खाली येताना अधिक वजनदार होत जातो. जिल्ह्याच्या ठिकाणी “शक्यतो या महिन्यात” असे म्हटलेले काम तालुक्यास पोहोचेपर्यंत “याच आठवड्यात” होते आणि गावात “उद्या सकाळी”. खालचा शब्द वर जाताना मात्र याच्या उलट घडते. पाणी सोडणारा कर्मचारी म्हणतो, “व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गटाराचे पाणी शिरते.” ग्रामपंचायतीच्या पत्रात त्याची “किरकोळ गळती” होते. तालुक्याच्या टिप्पणीत “दुरुस्ती प्रस्तावित” असे शब्द येतात. जिल्ह्याच्या गोषवाऱ्यात “कार्यवाही सुरू आहे” असे दिसते. क्वचित प्रसंगी तर त्या रकान्यात “निरंक” एवढाच शब्द शिल्लक राहतो. यात कोणीही उघड खोटे बोललेले नसते. प्रत्येकाने आपल्या वरच्या अधिकाऱ्याची नाराजी थोडीशी टाळलेली असते, इतकेच.

हा दोष केवळ शासकीय कार्यालयांचा आहे किंवा केवळ आपल्या देशातील आहे, असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ या अंतराळयानाचा अपघात २८ जानेवारी १९८६ रोजी झाला. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट होऊन सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्यांच्यात एक शिक्षिकाही होती. आदल्या सायंकाळी अग्निबाण तयार करणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी दूरध्वनीवरील परिषदेत स्पष्ट इशारा दिला होता. कडाक्याच्या थंडीत अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कडी आपले काम नीट करणार नाहीत. तापमान ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या, खाली असल्यास उड्डाण करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. अंतराळ संस्थेच्या अधिकाऱ्यांनी त्यावर तीव्र नापसंती दर्शविली. कंपनीच्या लोकांनी आपसांत विचार करण्यासाठी थोडा वेळ मागून घेतला. त्या वेळात वरिष्ठ व्यवस्थापकांनी अभियंत्यांचे मत बाजूस ठेवले आणि उड्डाणास संमती कळविली. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाने निर्णयाच्या या पद्धतीस सदोष ठरविले. उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्या सर्वांत वरिष्ठ अधिकाऱ्यांपर्यंत अभियंत्यांचा हा विरोध पोहोचलाच नव्हता, ही गोष्टही चौकशीत निष्पन्न झाली. आयोगाचे एक सदस्य, पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन यांना आणखी एक गोष्ट आढळली. यान नष्ट होण्याचा संभव प्रत्यक्ष काम करणारे अभियंते शंभरात एक मानीत होते, तर व्यवस्थापक तोच संभव लाखात एक सांगत होते. शंभर आणि लाख यांमधील हे अंतर पायऱ्यापायऱ्यांनीच पडले होते. गटाराकडेच्या व्हॉल्व्हची गोष्ट याहून फारशी निराळी नाही.

पहिले वाक्य

वाईट बातमी घेऊन आलेल्या माणसास कार्यालयप्रमुखाचे पहिले वाक्य कोणते ऐकू येते, यावर पुष्कळ अवलंबून असते. “हे आधी का सांगितले नाही?” हे आपल्याकडील सर्वांत प्रचलित वाक्य होय. ते रास्तही असू शकते. परंतु आलेला मनुष्य सांगण्यासाठीच आलेला असतो; आणि या वाक्याने आल्याबद्दलच त्याला शिक्षा होते. त्याऐवजी “आत्ता गावात काय स्थिती आहे?” असे विचारले, तर संभाषण व्यक्तीवरून वस्तुस्थितीकडे वळते. त्यानंतर “तातडीने काय करता येईल?” आणि “त्यासाठी माझ्याकडून काय पाहिजे?” हे दोन प्रश्न पुरेसे असतात. उशीर का झाला, याची विचारणा पाणी शुद्ध झाल्यावर, दार लावून आणि शांतपणे करता येते. किंबहुना ती तशीच करावी. कारण उशिराचे खरे कारणही त्याच वेळी कळते. अनेकदा असे दिसून येते, की त्या माणसाने दोनदा सांगितलेले असते आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात राहिलेले नसते.

याचे एक कारण कनिष्ठाच्या बोलण्याच्या रीतीत आहे. वरिष्ठासमोर मनुष्य हळू बोलतो, आडून बोलतो. “साहेब, जरा पाइपलाइनचे बघायला पाहिजे” हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात गंभीर इशारा असते. ऐकणाऱ्यास ती केवळ एक सूचना वाटते. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे उतरू पाहणाऱ्या एका प्रवासी विमानाच्या चाकांत बिघाड झाल्याची शंका आली. मुख्य वैमानिक सुमारे तासभर त्या बिघाडाचा आणि आणीबाणीच्या तयारीचा विचार करीत आकाशात घिरट्या घालीत राहिले. इंधन कमी होत चालले आहे, हे त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलून दाखविले होते. पण ते इतक्या सौम्यपणे, की त्यातील निकड मुख्य वैमानिकाच्या मनास भिडली नाही. अखेर इंधन संपले आणि विमान शहराच्या वस्तीत कोसळले. विमानातील १८९ जणांपैकी दहा जण मृत्यू पावले. चौकशी मंडळाने मुख्य वैमानिकास दोष दिलाच. परंतु सहकाऱ्यांना आपली चिंता नीट पोहोचविता आली नाही, हेही अपघाताचे एक कारण म्हणून नोंदविले. या व अशा अपघातांनंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात एका नव्या विषयाची भर पडली. कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत मांडावी कशी आणि वरिष्ठाने ती ऐकावी कशी, हा तो विषय. आज जगभरच्या विमानसेवांत हे शिक्षण दिले जाते.

तालुका कार्यालयात यासाठी स्वतंत्र शिक्षणवर्गाची वाट पाहण्याचे कारण नाही. हळू बोललेल्या वाक्यावर थांबून “म्हणजे नेमके काय झाले आहे? तुम्ही स्वतः पाहिले काय?” असे विचारण्याची सवय प्रमुखास लावून घेता येते. ज्याला दोन प्रश्न विचारले जातात, तो पुढच्या वेळी दोन गोष्टी अधिक सांगतो.

आदेशामागचे कारण

संवादाची दुसरी बाजू म्हणजे वरून खाली जाणारा आदेश. तो पोहोचतो खरा. पण समजतो काय, हा प्रश्न उरतोच. भाषा संचालनालयाची स्थापना १९६० साली झाली व त्यानंतर राज्याचा कारभार मराठीतून चालविण्यासाठी मोठे काम झाले. आदेश मराठीत निघू लागला, म्हणून तो आपोआप सुबोध झाला, असे मात्र नाही. “उपरोक्त विषयास अनुसरून संदर्भीय पत्रान्वये कळविण्यात आल्यानुसार तात्काळ उचित कार्यवाही करून अनुपालन अहवाल सादर करावा” अशा वाक्यात कोणी, काय, कोठे आणि केव्हा करावयाचे, यांपैकी एकही गोष्ट नसते. असे पत्र मिळालेला कर्मचारी त्याखाली तशाच वाक्याचे दुसरे पत्र काढतो आणि ते पुढे पाठवितो. पत्र गावात पोहोचते आणि दप्तरात राहते.

आदेश कसा लिहावा, याचा एक जुना नमुना महाराष्ट्रास ठाऊक आहे. इसवी सन १६७० नंतरच्या दशकात चिपळूणजवळ पावसाळी छावणीस असलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना छत्रपती शिवाजी महाराजांच्या दरबारातून गेलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेस त्रास देऊ नये, एवढी एक ओळ लिहून ते पत्र संपत नाही. दाणावैरणीचा साठा पावसाळाभर पुरवावयाचा आहे. तो आताच बेहिशेबी संपविला, तर पुढे काही मिळणार नाही आणि घोडी मरू लागतील. मग शिपाई रयतेच्या घरी शिरून दाणे, भाजी, लाकूड उचलतील आणि त्या रयतेस हे लोक मोगलांहूनही वाईट वाटतील, अशी कारणांची सगळी मालिका त्यात उलगडलेली आहे. रात्री दिवा तसाच जळत ठेवला, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीस आग लागेल, इथपर्यंत बारकावा त्यात येतो. ज्या हवालदाराने हे पत्र ऐकले, त्याला पत्रात न लिहिलेल्या प्रसंगीही काय करावे, हे उमगले असेल. कारण कळलेला मनुष्य आदेशाच्या पुढेही विचार करू शकतो. ज्याला केवळ आदेश मिळतो, तो आदेशापाशी थांबतो.

आजच्या कार्यालयात हेच काम चार-सहा ओळींत होऊ शकते. “येत्या शुक्रवारपर्यंत प्रत्येक गावातील व्हॉल्व्हचे खड्डे उघडून पाहावेत. पावसाचे पाणी गटारातून या खड्ड्यांत शिरले, की नळाला दूषित पाणी येते. ज्या गावी दुरुस्ती ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेर असेल, तेथून त्याच दिवशी दूरध्वनी करावा.” एवढा मजकूर पुरेसा आहे. तोंडी आदेश असेल, तर ऐकणाऱ्याकडून तो पुन्हा वदवून घेणे इष्ट होय. यात कोणाचा अपमान नाही. “मी नीट सांगितले काय, ते पाहू, आता आपण काय करणार?” असे विचारले, तर परीक्षा सांगणाऱ्याची होते.

टिप्पणीवरील शेऱ्यांविषयीही येथे दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. “चर्चा करावी” हा शेरा शासकीय कार्यालयांत फार लोकप्रिय आहे. शेरा पडतो, नस्ती परत येते आणि लिपिक साहेबांच्या दालनाबाहेर वेळ मिळण्याची वाट पाहत राहतो. साहेब फिरतीवर, सभेत किंवा दूरध्वनीवर असतात. चर्चा काही होत नाही. कोणतीही नस्ती सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांहून अधिक काळ एका टेबलावर राहू नये, अशी तरतूद राज्यात २००५ साली केलेल्या बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमात आहे; तातडीच्या नस्तीस त्याहूनही कमी मुदत आहे. चर्चेच्या प्रतीक्षेत पडून असलेली नस्ती ही मुदत केव्हाच ओलांडते आणि दोष लिपिकाच्या माथी येतो. “गुरुवारी साडेचार वाजता चर्चा करावी” असे लिहिण्यास केवळ तीन शब्द अधिक लागतात.

बैठकीत कोणी आधी बोलावे

बैठकांच्या तंत्रावर पुष्कळ लिहिले गेले आहे. वेळेवर सुरुवात, लेखी कार्यसूची, त्याच दिवशी इतिवृत्त या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत आणि थोड्याच ठिकाणी पाळल्या जातात. येथे एकाच सवयीचा विचार करू. बैठकीत प्रमुखाने आपले मत आधी सांगू नये.

भारतीय सेनेच्या लष्करी न्यायालयात निर्णय देताना सदस्यांची मते सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून घेण्यात येतात. वरिष्ठाचे मत आधी उच्चारले गेले, तर कनिष्ठ त्यास मान डोलावील आणि एका माणसाच्या जिवाचा अथवा अब्रूचा निवाडा एकाच मताने होईल, अशी भीती या नियमामागे आहे. ज्या सेनेत हुकमाची तामिली सर्वांत कडक, तेथेच ही काळजी घेतलेली आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आपल्या आढावा बैठकीत मात्र प्रमुख प्रथम बोलतात, बराच वेळ बोलतात आणि शेवटी “कोणास काही अडचण?” असे विचारतात. तेव्हा सर्वांचे लक्ष घड्याळाकडे लागलेले असते.

शाळेतील शिक्षकसभेचे उदाहरण घेता येईल. आठवीतील एक मुलगी तीन आठवडे आलेली नाही. वर्गशिक्षिकेस कळले आहे, की घरी तिच्या लग्नाचे बोलणे चालू आहे. मुख्याध्यापकांनी सभेच्या आरंभीच “यंदा आपल्या शाळेत गळती शून्य आहे” असे अभिमानाने सांगितले, तर ही शिक्षिका पुढे काय बोलणार? त्याच मुख्याध्यापकांनी सर्वांत नव्या शिक्षकापासून सुरुवात करून “या महिन्यात कोणत्या मुलाची काळजी वाटते?” असे विचारले असते, तर त्या मुलीचे नाव दहा मिनिटांत पुढे आले असते आणि घरी जाऊन बोलण्यास वेळही मिळाला असता.

लोकप्रतिनिधींच्या बैठकांत आणखी एका दोषाकडे लक्ष द्यावे लागते. ७३ व्या घटनादुरुस्तीने, १९९३ पासून, पंचायतींत महिलांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखीव झाल्या; महाराष्ट्रात २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेण्यात आले. तरीही सरपंच ताई समोर बसल्या असताना त्यांच्या यजमानांकडे पाहून बोलणारे अधिकारी अद्याप आढळतात. ही केवळ असभ्यता नव्हे. पाणी कोणत्या वेळी गढूळ येते, कोणत्या आळीत येतच नाही, हे ज्यांना रोज हंडा भरताना दिसते, त्यांच्याकडूनच माहिती घेण्याचे नाकारण्याचा हा प्रकार आहे. प्रश्न सरपंच ताईंना विचारावा आणि उत्तरही त्यांच्याकडून येईपर्यंत थांबावे.

टेबलापाशी जाणे

दालनात बोलावून विचारलेल्या प्रश्नास एक उत्तर मिळते. त्याच माणसाच्या टेबलापाशी जाऊन विचारलेल्या प्रश्नास दुसरे. आपल्या टेबलापाशी मनुष्य आपल्या कागदांत असतो, बोलण्यास पुरावा जवळ असतो. राज्यातील कार्यालयांत सहा गठ्ठा पद्धत रूढ आहे. कार्यवाहीची प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाचे कागद आणि नष्ट करावयाचे कागद असे ते सहा गठ्ठे होत. दप्तर तपासणीत बहुतेक अधिकारी पहिला गठ्ठा पाहतात. अनुभवी अधिकारी दुसरा मागून घेतात. प्रतीक्षाधीन गठ्ठ्यातील प्रत्येक कागद कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत असतो. ते उत्तर कोणाकडून यावयाचे आहे, किती दिवसांपासून आलेले नाही आणि स्मरणपत्रापलीकडे कोणी त्या माणसाशी बोलले आहे काय, हे पाहिले, म्हणजे कार्यालयातील संवाद कोठे तुटला आहे, याचा नकाशाच हाती येतो. त्यांतील निम्मी प्रकरणे प्रमुखाच्या एका दूरध्वनीने सुटू शकतात. लिपिकास जो दूरध्वनी करता येत नाही, तो करणे हे प्रमुखाचेच काम आहे.

१९८० च्या दशकाच्या आरंभी अहमदनगर येथे (हे शहर २०२४ पासून अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयीन सुधारणेचा जो प्रयोग केला, तो ‘लखीना पॅटर्न’ या नावाने प्रशासनात परिचित आहे. अभिलेखांची वर्गवारी, बैठकव्यवस्थेची पुनर्रचना आणि प्रत्येक टेबलाच्या कामाची निश्चिती ही त्याची ठळक अंगे. पाहण्यास येणाऱ्यांच्या नजरेत स्वच्छ कपाटे आणि मांडणी प्रथम भरे. परंतु मनुष्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट कामाच्या निश्चितीत होती. आपले काम नेमके कोणते, ते कोणत्या नियमाखाली करावयाचे आणि आपला निर्णय कोठे संपून वरिष्ठाचा कोठे सुरू होतो, हे ज्याला माहीत आहे, तो निर्भयपणे बोलतो. ज्याला हे माहीत नसते, तो प्रत्येक बाबतीत “साहेबांना विचारून सांगतो” असे म्हणतो. पुढे अनेक कार्यालयांनी या प्रयोगातून कपाटांची रचना उचलली आणि कामाची निश्चिती तेवढी मागे ठेवली, असे खेदाने म्हणावे लागते.

दोष आणि शाबासकी

चूक एकांतात सांगावी आणि प्रशंसा चारचौघांत करावी, ही गोष्ट सर्वमान्य आहे. मात्र एकांतात सांगणे म्हणजे न सांगणे नव्हे. पुष्कळ भिडस्त अधिकारी वर्षभर काही बोलत नाहीत आणि गोपनीय अहवालात मनातले लिहून मोकळे होतात. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली असा निर्णय दिला, की गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती प्रतिकूल असो वा चांगली, संबंधित कर्मचाऱ्यास कळविली पाहिजे. कारण जी नोंद त्याला ठाऊकच नाही, तिच्याविरुद्ध तो दाद मागू शकत नाही आणि स्वतःत सुधारणाही करू शकत नाही. न्यायालयाने कायद्याच्या भाषेत जे सांगितले, ते चांगला प्रमुख कायद्याची वाट न पाहता वर्षभर करीत असतो. मार्चअखेर कर्मचाऱ्यास अहवाल वाचून आश्चर्याचा धक्का बसला, तर तो दोष अहवाल लिहिणाऱ्याचा समजावा.

शाबासकीही नेमकी हवी. “सर्वांनी छान काम केले” या वाक्याने कोणाच्याच पदरात काही पडत नाही. “वाडीवरच्या टाकीचे झाकण फुटल्याचे आपण त्याच सायंकाळी कळविले, म्हणून दुसऱ्या दिवशी पाणी थांबविता आले” हे वाक्य बैठकीत उच्चारले गेले, तर वाईट बातमी आणण्यास या कार्यालयात मान आहे, हे उपस्थित असलेल्या प्रत्येकास कळते. सभागृहात ज्यांना लाल कार्डाबद्दल उभे करण्यात आले होते, त्यांना पुन्हा बोलते करण्याचा याहून सोपा मार्ग दिसत नाही.

भ्रमणध्वनीवरील व्हॉट्सॲप गटांमुळे आता संवाद फार वाढला आहे, असे म्हटले जाते. वाढली आहे ती संदेशांची संख्या. रात्री साडेदहा वाजता टाकलेल्या आदेशाखाली पन्नास जणांनी हात जोडल्याची चिन्हे पाठविली, म्हणजे पन्नास जणांना आदेश समजला, असे नव्हे. अशा गटावर कोणास दोष देणे तर कटाक्षाने टाळावे. सभागृहातील कठोर शब्द निदान हवेत विरतात. गटावरील शब्द मात्र राहतात आणि गावभर फिरतात.

बदलीच्या वेळी

याच २००५ च्या अधिनियमाने अधिकाऱ्याचा सर्वसाधारण पदावधी तीन वर्षे ठरविला आहे. प्रत्यक्षात पुष्कळांना त्याआधीच जावे लागते. कार्यभार देताना रोख रक्कम, नस्त्या, वाहन व साहित्य यांच्या याद्या होतात, सह्या होतात. माणसांनी विश्वासाने सांगितलेली माहिती मात्र कोणत्याच यादीत येत नाही आणि नव्या अधिकाऱ्यासमोर ती पुन्हा सांगण्याचे धैर्य सर्वांनाच होत नाही. म्हणून जाणाऱ्या अधिकाऱ्याने येणाऱ्यासाठी साध्या भाषेत एक-दोन पानांचे टिपण ठेवावे. त्यात पूर्ण झालेल्या कामांची जंत्री नको. कोणत्या तीन गावांच्या हिरव्या कार्डावर स्वतःचा विश्वास नाही, कोणत्या शाळेच्या पटावरील मुली प्रत्यक्ष पाहाव्या लागतील, कोणता कर्मचारी कमी बोलतो पण खरे बोलतो, आणि गटाराकडेचा तो व्हॉल्व्ह अद्याप हलविलेला नसेल, तर त्याचा प्रस्ताव कोणाच्या टेबलावर आहे, एवढे त्यात असावे.